नवी इलेक्ट्रिक गिटार: पहिल्या आठवड्यात ऐकू येणारा टोन नक्की कशाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेची हालचाल विजेत बदलणारं चुंबकी वेटोळं, सिंगल कॉइल म्हणजे त्यात वेटोळं एकच), ट्रेमोलोवाली (दांडा दाबून सूर हलवता येणारी), स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार नुकतीच घेतली. घेण्याआधी तिचं जे रेकॉर्डिंग ऐकलं त्यात आवाज गोल आणि भरदार होता. घरी मात्र ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा) कानाला टोचतो, नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळचा) जाड तारा गढूळ वाजतात, मागे सतत घूं चालू असतं आणि तिसरी तार काही केल्या सुरात राहत नाही. छोट्या वायरलेस संचातून सरावाच्या ॲम्पमध्ये, बहुतेक वेळा रात्री, आवाज कमी ठेवून वाजवता. तर पिकअप बदलावेत की गिटारच परत करावी?

पिकअप एवढ्यात बदलू नका. परत करायची की ठेवायची हा प्रश्न रास्त आहे, पण तो टोनवरून सोडवू नका. नव्या गिटारचा आज जो आवाज येतोय त्यातला बराचसा भाग तारांची अवस्था, पिकअपची उंची, केबल, ॲम्प आणि तुमची खोली यांचा आहे. हे सगळं स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा वेळ हाताशी असला की बदलता येतं. काही गोष्टी मात्र कितीही खर्च केला तरी धड बदलत नाहीत. परत करण्याची मुदत त्या तपासण्यात घालवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: मुदत संपेपर्यंत नॉब फिरवत बसतात आणि नेक पिळलेला आहे हे महिन्याभराने लक्षात येतं.

म्हणून आधी ॲम्प बंद. गिटार प्रवासातून, वेगळ्या हवामानातून आली असेल तर पेटीतच काही तास राहू द्या, मग सुरात लावा आणि पुढची तपासणी शक्यतो दुसऱ्या दिवशी करा. लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार हलतं. आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असली की नेक साधारण शांत असतो. कोरड्या हवेत नेकवरची फळी आक्रसते आणि फ्रेटची, म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटाला खरवडतात. तेवढ्यावरून गिटार नाकारू नका, ती टोकं कानशीने घासून घेता येतात.

नेक बघायचा तो ब्रिजच्या बाजूने, एका डोळ्याने, पट्टीची कड बघतात तसा. तारांच्या ताणाने पुढे आलेला हलका बाक चालतो, किंबहुना हवाच असतो. चालत नाही तो पीळ, म्हणजे जाड तारेच्या बाजूचा बाक एक आणि बारीक तारेच्या बाजूचा दुसरा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, आवळता येणारी सळई) सरळ बाक काढतो, पीळ काढू शकत नाही. पहिली आणि सहावी तार फळीच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर धावतायत का तेही बघून घ्या. बारीक तार वरच्या फ्रेटवर कडेवरून घसरत असेल तर नेक तिरका बसलाय. बोल्ट सैल करून, जरा ढकलून तो पुन्हा आवळला की बहुतेकदा जमतं. नाही जमलं तर ती तक्रार दुकानदाराकडे.

मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, ॲम्पशिवाय, मध्यम जोराने, आणि स्वर किती वेळ टिकतो ते ऐका. एखादा स्वर शेजारच्यांपेक्षा फटकन विझत असेल तर दोन शक्यता. तो विझताना खरखरत असेल, तर पुढचा फ्रेट उंच आहे किंवा हा खाली बसलाय. तंबोऱ्यात तार घोडीला अलगद घासून जवारी निघते ती हवीहवीशी, इथे मात्र तार फ्रेटला घासली की स्वर मरतो. खरखर नसताना नुसता विझत असेल तर ती मृत जागा. त्या स्वराची कंपनसंख्या नेकच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळते आणि तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकतो. बोल्टने जोडलेल्या नेकवर तिसऱ्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास थोडीफार मृत जागा सापडणं अगदी नेहमीचं आहे, महागड्या गिटारवरसुद्धा. खात्री करायची असेल तर गिटारच्या डोक्याला चिमट्याचा ट्यूनर लावून तोच स्वर पुन्हा वाजवा. वजन वाढल्यामुळे मृत जागा सरकते किंवा फिकी होते. थोडी असेल तर सोडून द्या. पण ज्या स्वरावर तुम्ही नेहमी थांबता तो स्वरच निम्म्या वेळात मरत असेल, तर ही गिटार तुमची नाही. पिकअप बदलून हे सुटत नाही.

नेकची जाडी हाताला कशी लागते, पट्टा लावून उभं राहिल्यावर डोकं खाली झुकतं का, वजन खांद्याला झेपतं का, हेही याच यादीतलं. या बाबतीत तुमचा हात माझ्या मतापेक्षा शहाणा. इथवर गिटार उतरली असेल तर ती ठेवा. पुढचं सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

पहिलं काम तारा बदलणं. कारखान्यातून निघून तुमच्या हाती येईपर्यंत त्या तारा किती जुन्या झाल्यात कुणास ठाऊक, आणि दुकानात किती जणांच्या बोटांचा घाम त्यांना लागलाय तेही. गुंडाळी असलेल्या जाड तारा मेल्या की वरचे उपस्वर आधी जातात आणि नुसता धब् असा स्वर उरतो. नेक पिकअपवरच्या तुमच्या गढूळपणाचा एक वाटेकरी इथे आहे. स्ट्रॅट घाटाच्या गिटारवर बहुधा ९-४२ चा संच (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतो. पहिल्यांदा तोच घाला. १०-४६ घातला तर ताण वाढतो, नेकचा बाक वाढतो, ट्रेमोलोचा ब्रिज वर उचलला जातो आणि सगळं नव्याने लावावं लागतं. जाड तारेने आवाज भरदार होतो हे काही प्रमाणात खरं आहे, पण तो प्रयोग पाया पक्का झाल्यावर.

नेकचा बाक मोजायचा तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर हात लावू नका. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी एक अष्टमांश फेरा, आणि पुन्हा सुरात लावून मोजायचं. रॉड अडतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर आणि जाड तारेखाली २ मिलिमीटर ही सुरुवातीला ठीक. तारा फार खाली आणल्या की हाताला लोण्यासारख्या लागतात, पण तार मोकळी झुलत नाही आणि आवाज किरटा होतो. टोन पातळ आहे म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गिटारांपैकी कित्येकांवर मी फक्त तारा किंचित वर घेतो, एवढंच.

तुमची तिसरी तार. साध्या, बिनगुंडाळीच्या तारांमध्ये ती सगळ्यात जाड, ९-४२ च्या संचात १६ ची, म्हणजे ०.०१६ इंचाची. म्हणून ती दाबाला सगळ्यात हळवी. बोट जरा जोरात पडलं की ती चढते. पण न दाबता उतरत-चढत असेल तर नटवर (डोक्याजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) संशय घ्या. एक सोपी चाचणी आहे. तार सुरात लावा, तिच्यावर दोन सुरांचं बेंड घ्या (बोटाने तार बाजूला ओढून सूर चढवा), सोडा आणि ट्यूनर बघा. उतरली असेल तर ट्रेमोलोचा दांडा हलकेच खाली दाबून सोडा आणि पुन्हा बघा. बेंडनंतर उतरते आणि दांड्यानंतर चढते, असं असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. खुंटी फिरवताना टिंग असा बारीक आवाज येत असेल तर पुरावा पक्का. तार काढून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर खाच किंचित रुंद करायला हवी, आणि ते नटच्या कानशीने, जाणत्या हातानेच. खाच उथळ असेल, म्हणजे तार नटवरून उंच जात असेल, तर दुखणं वेगळं दिसतं: मोकळी तार सुरात, पण पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे कॉर्ड कणसूर. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी फट हवी. ठळक दिसत असेल तर खाच खोल करायला वाव आहे.

आता सॅडल (ब्रिजवरचा, तार जिच्यावर टेकते ती सरकती घोडी) पुढेमागे करून बाराव्या फ्रेटचा सूर जुळवावा असं तुम्हाला वाटेल. थांबा. त्याआधी पिकअप खाली घ्यावे लागतात. तुमच्या अर्ध्या तक्रारी इथे सुटतील असा माझा अंदाज आहे.

सिंगल कॉइल पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली बहुधा एक चुंबकाचा खांब असतो, आणि तो तारेला ओढतो. पिकअप जवळ आणला की आवाज मोठा होतो, म्हणून कारखान्यात नाहीतर दुकानात कुणीतरी तो वर चढवून ठेवतं. मोठा आवाज पहिल्या ऐकण्यात चांगला वाटतो. पण खांब तारेच्या फार जवळ आला की तार मोकळेपणाने झुलत नाही. जाड तारांवर, विशेषतः बाराव्या फ्रेटच्या वर, एकाच स्वरात दोन सूर ऐकू येतात, आवाज थरथरतो, ट्यूनरची सुई एका जागी ठरत नाही. अशा वेळी सॅडल कुठेही सरकवलं तरी सूर जुळत नाही. नेक पिकअपपाशी तार जास्त झुलते, म्हणून ही ओढ तिथे सगळ्यात जाचक.

चाचणी अशी: तिन्ही पिकअप बऱ्यापैकी खाली उतरवा, म्हणजे ओढीचा प्रश्नच उरणार नाही. सहाव्या तारेवर पंधराव्या-सतराव्या फ्रेटचा स्वर वाजवा. थरथर गेली असेल तर दोषी सापडला. आता सावकाश वर चढायचं. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडरचं मार्गदर्शक माप असं: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ठेवली असताना खांबाचा माथा आणि तारेचा तळ यांत जाड तारेच्या बाजूला २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला २ मिलिमीटर. नेक पिकअपला मी जाड तारेकडे यापेक्षाही थोडं जास्त अंतर देतो. त्याने खर्जाचा चिखल कमी होतो आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. मग पाव-पाव फेऱ्याने स्क्रू फिरवत, दर फेऱ्यानंतर तोच कॉर्ड त्याच जोराने वाजवून ऐकायचं. कान थकले की उठून जायचं, कारण अर्ध्या तासानंतर सगळंच सारखं वाटायला लागतं. तिन्ही पिकअपची पातळी जुळवताना नेकपासून सुरुवात करा, मग मधला, शेवटी ब्रिज. तारेची झोल ब्रिजपाशी सगळ्यात कमी, म्हणून ब्रिजचा पिकअप तारांच्या सगळ्यात जवळ आणावा लागतो. त्याची जाड तारेकडची बाजू थोडी वर आणि बारीक तारेकडची थोडी खाली केली की टोचणं लगेच कमी होतं.

नेक आणि ब्रिज यांच्या आवाजात एवढा फरक का, तेही इथेच सांगतो. स्ट्रॅटवर तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर. नेक पिकअपचे खांब ब्रिजपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर असतात. चोविसावा फ्रेट असता तर तिथेच आला असता. मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा निश्चल बिंदू तिथे पडतो, त्यामुळे तो उपस्वर त्या पिकअपला ऐकूच येत नाही आणि मूळ स्वर ठासून येतो. ब्रिजचा पिकअप ब्रिजपासून चार-पाच सेंटिमीटरवर. तिथे मूळ स्वराची झोल अगदी लहान आणि वरचे उपस्वर त्या मानाने ठळक. म्हणजे तुम्हाला जाणवलेला फरक बांधणीतलाच आहे. आपण फक्त त्याची धार बोथट करतोय.

उंची ठरली की मग बाराव्या फ्रेटचा सूर. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे, उतरत असेल तर पुढे. तारा नव्या असतानाच हे करायचं. जुनी तार लांबीभर सारखी झुलत नाही.

आता विजेकडे. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील म्हणजे तो छोटा वायरलेस संच. पिकअप म्हणजे तारेच्या हजारो वेढ्यांचं एक वेटोळं, आणि केबल म्हणजे नकळत जोडलेला एक कपॅसिटर. दोन्ही मिळून एका ठरावीक कंपनसंख्येपाशी उंचवटा तयार होतो, त्यापुढे आवाज झपाट्याने कापला जातो. स्ट्रॅटच्या पिकअपचा इंडक्टन्स साधारण अडीच हेन्री धरा आणि केबलची धारिता मीटरमागे शंभर पिकोफॅरडच्या आसपास. पाच मीटरच्या केबलला उंचवटा साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतो, दहा मीटरला सव्वातीनच्या खाली. केबलची लांबी हा एक फुकटातला टोन नॉब आहे. गिटारलाच चिकटवलेला वायरलेस संच केबल काढून टाकतो. काही संचांमध्ये केबलची नक्कल करणारी सोय असते, ती नसेल तर उंचवटा पार वर सरकतो आणि पिकअपच्या स्वभावात नसलेला कडकपणा ऐकू येतो. रांगेतलं पहिलंच पेडल बफर (पुढच्या केबलचा परिणाम पिकअपपर्यंत पोचू न देणारं सर्किट) असलेलं असेल आणि त्याच्याआधी वीतभर केबल असेल तरी हेच होतं. एक साधी पाच-सहा मीटरची केबल घ्या, थेट ॲम्पमध्ये लावा आणि पुन्हा ऐका. पिकअपबद्दलचं तुमचं निम्मं मत तिथेच बदलेल.

गिटारवरचे नॉबही वापरायला शिका. ते सगळे दहावर ठेवून पुढचं सगळं ॲम्पवर करायचं ही सवय घरच्या वादकांत फार दिसते. व्हॉल्यूम आठवर आणला की थोडी धार उतरते, कारण पॉट (नॉबखालचा कमीजास्त होणारा रोधक) आणि केबल मिळून वरचा भाग कापतात. टोन सातवर आणला की उंचवटा बसतो पण आवाज बंद होत नाही. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये २५० किलोओहमचे पॉट असतात, हम्बकरवाल्यांमध्ये (दोन वेटोळ्यांचे पिकअप असलेल्यांमध्ये) ५०० चे. तुमच्या गिटारची पुढची, नॉब बसवलेली प्लेट (पिकगार्ड) उघडून कधी बघितलीत तर पॉटवर आकडा छापलेला सापडेल. सिंगल कॉइलला ५०० चे पॉट लावलेले निघाले तर कर्कशपणाचं आणखी एक कारण मिळालं.

स्ट्रॅटची जुनी जोडणी एक गंमत करून ठेवते. पहिला टोन नॉब नेक पिकअपचा, दुसरा मधल्याचा आणि ब्रिजला कुणीच नाही. म्हणजे जो पिकअप सगळ्यात जास्त टोचतो त्यालाच टोनचा नॉब नाही. तुमच्या गिटारवर हे असंच आहे का बघा: स्विच पूर्ण ब्रिजकडे करा आणि दोन्ही टोन शून्यावर आणा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर जोडणी जुनी आहे. पाच जागांच्या स्विचवर वायरीचा एक छोटा तुकडा डाखला की दुसरा टोन नॉब ब्रिजलाही लागू होतो. कारागिराला दहा मिनिटांचं काम आहे, आणि नव्या पिकअपच्या मानाने जवळजवळ फुकट. स्ट्रॅट विकत घेणाऱ्या कुणालाही मी हे पहिल्यांदा सुचवतो.

घूंबद्दल. तो सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. घरातल्या विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राला वेटोळं अँटेनासारखं पकडतं. हाच त्रास टाळायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. हम्बकर तो हाच. तुमच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल, आणि हल्लीच्या बहुतेकांत तो असतो, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी (जिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात) घूं जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. तसं होत असेल तर पिकअप ठणठणीत आहेत. (मूळ स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता. वादक तो मध्येच अडकवून हे जोडआवाज काढायचे. १९७७ पासून कारखान्यातूनच पाच जागांचा येऊ लागला.) ॲम्पपासून दोन पावलं मागे व्हा, संगणकाच्या पडद्याला पाठ करू नका, काटकोनात बसा, फरक लगेच कळतो. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर ते वाढत असेल तर अर्थिंगची जोडणी तपासून घ्या, आणि तारांना हात लावून झिणझिण्या येत असतील तर त्या क्षणी प्लग काढा. ती टोनची गोष्ट नाही, जिवाची आहे.

वाजवणं थांबवल्यावर मागे भुतासारखी शेपटी रेंगाळते असं वाटत असेल तर ते ट्रेमोलोच्या स्प्रिंगांचं. त्यांच्यामागे स्पंजचा पातळ तुकडा सरकवा.

ॲम्प आणि तुमचे कान. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि अतिबारीक भाग बराच कमी ऐकू येतो, मधला भाग तेवढा उठून दिसतो. रात्री हळू आवाजात वाजवताना तुम्ही म्हणून बास वाढवता, मग तोच सेटिंग दिवसा मोठ्याने गढूळ वाटतो. दोन्ही वेळचे सेटिंग वेगळे ठेवा. आणखी एक: गिटारच्या स्पीकरमधून बारीक भाग टॉर्चच्या झोतासारखा समोर सरळ जातो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे असाल तर तो झोत पोटरीवर पडतो. तुम्ही ट्रेबल वाढवत राहता, आणि समोर खाली बसलेल्याच्या कानाचे हाल होतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. संगणकातून वाजवत असाल तर ऑडिओ इंटरफेसवर गिटारची खूण असलेला, एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट निवडा, आणि स्पीकर कॅबिनेटची नक्कल चालू असल्याची खात्री करा. गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं गिळतो. ते गिळणं नसेल तर कुठलीही गिटार माशी गुणगुणल्यासारखी वाजते.

तुम्ही ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तर मोठा ॲम्प, चांगला माइक, कॉम्प्रेशन, रिव्हर्ब, मागे बेस आणि ड्रम असं सगळं असतं. त्यातला खर्ज बऱ्याचदा बेसचा असतो आणि आपण तो गिटारच्या नावावर जमा करतो. सोबतीला साधी ड्रम-बेसची पट्टी लावून वाजवा. एकट्याने ऐकताना टोचणारा ब्रिज पिकअप बेस-ड्रमच्या सोबत बहुधा नेमका बसतो.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी नक्की ऐकवेल. पिकअप लोखंडी तारेची हालचाल ऐकतो, लाकूड थेट ऐकत नाही. नेक आणि बॉडी तारेतली ऊर्जा कुठे किती शोषतात त्याने टिकण्यात फरक पडतो, हे मृत जागेत दिसतंच. पण एकाच गिटारवर पिकअप एक मिलिमीटर हलवला तर जो फरक पडतो त्यापुढे बॉडीच्या लाकडाचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पिक बदलून बघा, त्याने जास्त फरक पडतो: पातळ ०.४६ मिलिमीटरचं पिक टकटकाट वाढवतं, १ मिलिमीटरच्या पुढचं गोल टोकाचं पिक स्वराला अंग देतं. आणि हात ब्रिजपासून दोन बोटं पुढे आणा.

हे सगळं करून, नव्या तारांचा सुरुवातीचा चकचकाट उतरल्यावरही ब्रिज पिकअप पटला नाही, तर मग तो एकटाच बदला, तिन्ही नको. पिकअप खराबच निघण्याची एक खूण आहे: गेन वाढवल्यावर तारा हाताने दाबलेल्या असतानाही तो शिट्टी मारतो आणि पिकअपच्या टोपणावर नख आपटलं तर ॲम्पमधून टकटक येते. म्हणजे वेढे मेणाने नीट बसवलेले नाहीत. अशा वेळी जरूर बदला. घेताना नुसत्या ओहमच्या आकड्यावर जाऊ नका. जुन्या धाटणीचा साधारण सहा किलोओहम, जास्त वेढ्यांचा सात-आठ, पण तारेची जाडी आणि चुंबक वेगळे असले की हेच आकडे फसवे ठरतात. सिंगल कॉइलच्याच मापातला दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप निवडलात तर घूं जाईल, आवाज जाड होईल, पण २५० च्या पॉटवर तो काहींना बंद वाटतो, त्याचा हिशोब आधीच करा. आणि नवा पिकअप वेगळ्या उत्पादकाचा असेल तर बसवल्याबरोबर स्विचच्या दुसऱ्या जागी वाजवून बघा. तिथे आवाज अचानक पोकळ आणि नाकातून आल्यासारखा झाला तर तो मधल्याशी उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांना खोडतायत. साध्या दोन वायरींचा सिंगल कॉइल असेल तर त्या दोन वायरी आपसांत बदलायला सांगा. धातूचं झाकण किंवा त्याची अर्थिंगची वायर आतूनच एका वायरीला जोडलेली असेल, तर ती जोडणी आधी सुटी करून घ्यावी लागते.